दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतात, चाललं की सुजत नाहीत. पायातलं रक्त वर येतं तरी कसं?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझं काम मशीनसमोर एका जागी उभं राहून करायचं आहे, सकाळी उभी राहिले की संध्याकाळीच बसते. घरी येऊन मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची गोल खाच पडलेली असते आणि नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो, तो भरायला वेळ लागतो. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, हृदय किडनी सगळं ठीक निघालं. ते म्हणाले उभं राहणं कमी करा, चालणं वाढवा. आणि इथेच माझं डोकं अडकलंय. चालताना पण मी उभीच असते ना? उलट पायावर जोर जास्तच येतो. मग एकाने सूज येते आणि दुसऱ्याने उतरते हे कसं?

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे हृदय छातीत, ते ढकलणार, रक्त खाली जाणार, इथवर समजतं. पण तळपायापर्यंत पोचलेलं रक्त परत वर कोण उचलतं? शाळेच्या पुस्तकात खाली जाणारा लाल बाण आणि वर येणारा निळा बाण होता. बाण पाठ केला, मार्क मिळाले. तो वर का जातो हे तेव्हा विचारायचं राहूनच गेलं. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय, जरा सविस्तर सांगाल का?

दट्ट्या
मी डॉक्टर नाही, पंप आणि पाइपलाइनचं काम करतो, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या कामातलंच आहे. वर कोण उचलतं असं तुम्ही विचारलंत ना, तर उचलावं लागतच नाही.

एक पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवा, पाणी भरा. दोन्ही बाजूंना पाणी एकाच उंचीवर राहतं. खालच्या वळणातलं पाणी डाव्या बाजूच्या वजनाने खाली दाबलं जातं आणि तेवढ्याच जोराने उजवीकडचं पाणी वर तोललं जातं. आता दोन्ही तोंडं वर जोडून टाका, म्हणजे बंद गोल झाला. त्यात पंप बसवलात तर त्याला पाणी उंचावर चढवायचं काम उरतच नाही कारण खाली जाणारा खांब वर येणाऱ्या खांबाला तोलून धरतो. पंपाला फक्त पाइपातलं घर्षण भागवायचं असतं. विहिरीतून टाकीत पाणी चढवणं वेगळं, तिथे वरचं टोक उघडं असतं. शरीरातलं रक्त म्हणजे बंद गोल आहे. त्यामुळे तळपायातून छातीपर्यंत सव्वा मीटर चढ आहे म्हणून हृदय दमतं असं काही नसावं.

आता चालणं आणि उभं राहणं यात फरक का, ते मात्र मलाही समजून घ्यायचंय. माझ्या हिशोबाने फरक पडायला नको.

तास_दुसरा
दट्ट्या, फार छान मांडलंत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी मुलांच्या मनात 'हृदय रक्त वर खेचतं' हेच घट्ट बसलेलं असतं. तुमच्या नळीला आकडे जोडतो, मग ती कुठे कमी पडते तेही सांगतो.

आडवं झोपलात तर मोठ्या धमन्यांमध्ये सरासरी दाब पाऱ्याच्या साधारण ९५ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि रक्त हृदयात परत शिरतं त्या ठिकाणी जवळजवळ शून्य. या ९५ आणि शून्याच्या उतारावर सगळं रक्त वाहतं. आता उभे राहा. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या खांबाचं वजन साधारण ९० मिलिमीटर भरतं. म्हणजे घोट्याजवळच्या धमनीत दाब झाला १८५ च्या आसपास, आणि घोट्याजवळच्या शिरेत, जिथे झोपल्यावर १० वगैरे असतो तिथे झाला १०० च्या घरात. दोन्हीकडे तेवढीच भर पडली त्यामुळे फरक होता तेवढाच राहिला आणि रक्त वाहत राहिलं. इथपर्यंत तुमची नळी शंभर टक्के बरोबर.

चूक एकाच ठिकाणी होते. तुमचा पाइप लोखंडाचा आहे, त्यात दाब वाढला म्हणून तो फुगत नाही. शीर फुगते. धमनीची भिंत जाड आणि ताठ असते, शिरेची पातळ आणि सैल. एरवीही शरीरातलं साठ-सत्तर टक्के रक्त शिरांच्या बाजूलाच पडून असतं, शिरा म्हणजे नुसता परतीचा रस्ता नाही, कोठारच आहे. तुम्ही उभं राहिलात की वरचं साधारण अर्धा लिटर रक्त घसरून पायांच्या आणि ओटीपोटाच्या फुगलेल्या शिरांत जाऊन बसतं. ते वाहतंय, थांबलेलं नाही, पण खाली जागा जास्त झाल्यामुळे तिथे जास्त साठलंय. मग हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, आणि हृदयाचा नियम साधा आहे, जेवढं आत आलं तेवढंच बाहेर टाकता येतं. विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला सत्तरेक ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त पण पाचेक लिटरच! म्हणजे सरासरीने दर मिनिटाला सगळ्या रक्ताची एक फेरी होते. त्यातलं अर्धा लिटर खाली अडकलं तर हृदयाला लगेच जाणवतं.

कुतूहल_७
बापरे, एका मिनिटात पूर्ण फेरी? मला वाटायचं तासभर तरी लागत असेल.

ओपीडीवाली
मध्येच एक सांगते, रोजच्या कामातलं आहे. तास_दुसरा सर जे खांबाचं वजन म्हणाले त्यामुळेच बीपी घेताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायला सांगतात. हात खाली लोंबता ठेवून घेतलं तर आकडा वाढून येतो, दहा सेंटिमीटर खाली असेल तर साताआठाचा फरक पडतो. घरी मशीन आणलेले बरेच लोक मांडीवर हात ठेवून बीपी मोजतात आणि घाबरतात. हाताखाली उशी घ्या, टेबलावर ठेवा, पाठ टेकवून बसा, पाच मिनिटं शांत बसून मग मोजा.

आता रानजाई तुमच्या चालण्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तोच खरा आहे. उत्तर पोटरीत आहे. पायातल्या मोठ्या शिरा कातडीखाली दिसतात त्या नव्हेत, त्या खोल असतात, पोटरीच्या स्नायूंच्या मध्ये, आणि त्या स्नायूंभोवती घट्ट न ताणणारं आवरण असतं. तुम्ही पाऊल टाकताना टाच उचलली की पोटरीचा स्नायू आवळून जाड होतो, बाहेर आवरण असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते, मग तो आतल्या शिरा पिळतो. कपडा पिळल्यासारख्या. रक्ताला कुठेतरी जावंच लागतं. खाली जाऊ शकत नाही कारण शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, दोन पातळ पापुद्र्यांच्या, त्या फक्त वरच्या दिशेने उघडतात. म्हणून ते वरच जातं. स्नायू सैल झाला की शीर रिकामी, वरचं रक्त झडपेने अडवलेलं, मग कातडीखालच्या शिरांमधलं आणि खालून येणारं रक्त त्या रिकाम्या जागेत ओढलं जातं. पुढच्या पावलाला पुन्हा पिळा. तळपायातही शिरांचं जाळं असतं, वजन पडलं की तेही दाबलं जातं.

आता आकडा ऐका. गुपचूप उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत नव्वद-शंभरच्या आसपास दाब असतो ना, तो चालायला लागल्यावर थोड्याच पावलांत वीस-तीसपर्यंत उतरतो. थांबलात की शिरा परत भरतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुन्हा होता तिथे. म्हणजे चालताना तुम्ही उभ्याच असता हे खरं, पण झडपांनी रक्ताच्या त्या सव्वा मीटरच्या खांबाचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्याचं वजन त्याच्या खालच्या झडपेवर, घोट्यावर सगळं येत नाही. एका जागी स्थिर उभं राहिलं की झडपा हळूहळू सगळ्या उघड्या राहतात आणि खांब पुन्हा अखंड होतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही.

दट्ट्या
नॉन रिटर्न व्हॉल्व्ह! उंच इमारतीच्या पाइपलाइनमध्ये आम्ही अगदी हेच करतो, सगळा खांब खालच्या पंपावर येऊ नये म्हणून मध्ये मध्ये व्हॉल्व्ह. माझा हिशोब कुठे चुकला ते आता कळलं. मी एकच पंप धरला होता, इथे दोन आहेत आणि दुसरा चालल्याशिवाय सुरू होत नाही.

मावळतीचा_पक्षी
आमच्या शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं केलं की दर वेळी एखादं मूल धाडकन पडायचं. मी स्वतः दोनदा पडलोय. आधी घाम फुटायचा, मग कानात सूं आवाज, मग डोळ्यापुढे अंधारी. शिक्षक ओरडायचे की सकाळी खाऊन येत नाही म्हणून होतं. ते याच्यामुळेच का?

तास_दुसरा
हो, बरंचसं याच्यामुळेच. खाणं आणि पाणी यांचा भाग आहे, ऊन असेल तर कातडीतल्या वाहिन्या रुंदावतात आणि आणखी रक्त तिकडे जातं, पण मुख्य म्हणजे 'हलू नका' हा हुकूम. पोटरीचा पंप बंद. सावधान स्थितीत तासन् तास उभे राहणारे सैनिकही असेच कोसळतात, तंदुरुस्त असून.

एरवी आपण दिवसातून कितीदा तरी बसल्याचे उभे राहतो आणि काही होत नाही याचंच खरं तर नवल वाटायला हवं. मानेतल्या मोठ्या धमनीत, जिथे तिच्या दोन शाखा होतात तिथे, आणि महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीच्या, कमानीत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब जरा उतरला की एक-दोन ठोक्यांच्या आत मेंदूला खबर जाते, ठोके वाढतात, पायातल्या आणि पोटातल्या वाहिन्या आवळतात. उभे राहिल्यावर मनगटाची नाडी मोजून बघा, बसलेल्यापेक्षा काही ठोके जास्त लागतील. ही यंत्रणा कधीकधी उलटी वागते, ठोके एकदम मंदावतात, वाहिन्या सैल पडतात, आणि माणूस पडतो. आडवा झाला की खांबच उरत नाही, पायातलं रक्त छातीकडे येतं आणि अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध येते. म्हणून पडलेल्याला उचलून बसवू नये. झोपू द्यावं, पाय वर करावेत. दोघांनी बखोटी धरून उभं करणं हे मी इतक्या वेळा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

आणखी एक मदत श्वासाची. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो आणि छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकल्यामुळे पोटातला चढतो, म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त छातीत ढकललं जातं. श्वास सोडताना पोट सैल होतं आणि पायांकडचं रक्त पोटात शिरतं. सैल बसून पोटापर्यंत खोल श्वास घेतला तर याला जोर मिळतो.

कुतूहल_७
झडपा असतात हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? शिरा तर बाहेरून सरळ दिसतात.

तास_दुसरा
हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

इटलीत पादुआला फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते, त्यांनी शिरांमधल्या या पापुद्र्यांवर १६०३ साली पुस्तिका छापली, चित्रांसकट. पण त्यांना वाटलं की रक्त शिरांमधून बाहेर, हातापायांकडे वाहतं आणि ते एकदम सगळं पायाकडे धावून जाऊ नये म्हणून वेग कमी करायला हे बांध आहेत. कारण गेलन या प्राचीन ग्रीक वैद्यापासून जवळजवळ चौदाशे वर्षं असंच मानत होते की अन्नापासून यकृतात रक्त बनतं, शिरांतून अंगभर जातं आणि तिथे खपून जातं. पाट काढून शेताला पाणी द्यावं तसं. परत येण्याचा प्रश्नच नाही.

त्यांच्याकडे शिकायला एक इंग्रज तरुण होता, विल्यम हार्वे. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली हिशोब. अर्ध्या तासात हृदयाचे हजारावर ठोके पडतात, दर ठोक्याला अगदी थोडंसं रक्त बाहेर पडतं असं मुद्दाम कमी धरलं तरी अर्ध्या तासाचं रक्त अख्ख्या अंगात मावणार नाही इतकं होतं. एवढं रक्त यकृत रोज बनवणार कुठून आणि माणूस एवढं खाणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरून येतंय. नुसत्या गुणाकारातून त्याने चौदाशे वर्षांची समजूत मोडली, मला अजून हे शिकवताना अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट प्रत्येकाला घरी करून बघता येते. ज्यांच्या हाताच्या शिरा दिसतात त्यांनी हात खाली सोडून त्या भरू द्याव्यात. मनगटाकडून कोपराकडे जाणारी एक सरळ शीर निवडा. मनगटाच्या बाजूला एका बोटाने ती दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने हलकेच निपटत जा आणि ते दुसरं बोट उचला. शीर मधल्या एका जागेपर्यंत सपाट राहील आणि त्याच्या वर भरलेली. वरचं रक्त खाली यायला बघतं पण त्या जागी अडतं, तिथे झडप आहे. आता खालचं बोट उचला, शीर झर्रकन मनगटाकडून भरते. हार्वेच्या १६२८ च्या ग्रंथात हेच हाताचं चित्र आहे. फॅब्रिशियसचे 'बांध' रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे जाऊ देत होते.

पण हार्वेला एक दुवा सापडला नाही. धमन्यांतलं रक्त शिरांत नेमकं कुठून शिरतं? नुसत्या डोळ्यांना रस्ता दिसत नव्हता. रस्ता असणारच असं म्हणून १६५७ साली तो गेला, आणि चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या, पाहिल्या.

मावळतीचा_पक्षी
शिरांमधलं रक्त निळं असतं ना? जुन्या पुस्तकात तर शब्दच 'नीला' होता, आणि धमनीला रोहिणी.

ओपीडीवाली
नाही, रोज काढते मी 🙂 शिरेतलं रक्त गडद लाल असतं, जांभळट म्हणा, पण निळं कधीच नाही. ऑक्सिजन कमी असतो पण संपलेला नसतो, विश्रांतीत परत येणाऱ्या रक्तात पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास असतोच. कातडीतून प्रकाश आत जाऊन परत येताना रंग बदलून दिसतो म्हणून शीर निळी वाटते. शब्द मात्र गोड आहेत दोन्ही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून दोनदा वाचलं. एक राहिलं. तो खळगा पडतो तिथे काय असतं? रक्त असतं तर दाबल्यावर लाल-निळं दिसलं असतं ना?

तास_दुसरा
बरोबर ओळखलंत, ते रक्त नाही, पाणी आहे.

केशवाहिनीची भिंत एका पेशीच्या जाडीची असते आणि आतली पोकळी इतकी अरुंद की सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबडी पेशी अंग दुमडून, एकामागे एक रांगेत पुढे सरकते. महाधमनीत झपाट्याने जाणारं रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभरही क्वचितच जातं, कारण रस्ते कोट्यवधी झालेले असतात, नदी पसरट झाली की संथ होते तसं. हा संथपणा हवाच, ऑक्सिजन आणि अन्न पेशींकडे जायला आणि कचरा आत यायला तेवढा वेळ लागतो. माझ्या मते सगळी रक्ताभिसरण संस्था या मिलिमीटरभर लांबीच्या जागेसाठी आहे, हृदयसुद्धा.

या पातळ भिंतीतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं. आतला दाब ते बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. जे बाहेर राहतं त्याला लसिका म्हणतात, ते लसिकावाहिन्या नावाच्या वेगळ्या बारीक नळ्या गोळा करतात आणि गळपट्टीच्या हाडामागच्या मोठ्या शिरेत परत सोडतात, दिवसाला काही लिटर. लसिकेला स्वतंत्र हृदय नाही, तिच्या वाहिन्यांत पण झडपा असतात, त्या स्वतः आकुंचन पावतात आणि शेजारचे स्नायू त्यांना पिळतात. तुम्ही तासन् तास स्थिर उभ्या असता तेव्हा घोट्याच्या शिरेतला दाब मागे केशवाहिनीपर्यंत चढतो, झिरपणं वाढतं, आणि त्याच वेळी गोळा करणारी यंत्रणाही मंद पडलेली असते. पाणी साचतं. अंगठ्याने दाबलंत की ते बाजूला सरकतं आणि सावकाश परत येतं, तोच तुमचा खळगा.

जिराफाचा विचार करा, त्याचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट आणि पाय केवढे उंच, तरी सुजत नाहीत. पायावरची कातडी इतकी घट्ट आणि जाड असते की पाण्याला पसरायला जागाच मिळत नाही.

ओपीडीवाली
घट्ट पट्ट्यांचे मोजे देतात त्याचं तत्त्व तेच. पण स्वतःच्या मनाने घेऊ नका, ज्यांच्या पायातल्या धमन्या अरुंद झालेल्या असतात त्यांना त्याने इजा होऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ही गोष्ट नीट वाचा सगळ्यांनी. दोन्ही पाय संध्याकाळी सारखे सुजतात आणि सकाळपर्यंत उतरतात हे एक. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम किंवा लाल झालीय, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. चोळू नका, थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट न घालवता इमर्जन्सी, कारण गुठळी सुटली की ती हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते. लांबचा प्रवास, ऑपरेशननंतर पडून राहणं, बाळंतपणाच्या आधी-नंतरचे आठवडे, प्लास्टरमधला पाय, यात धोका वाढतो. याच कारणाने ऑपरेशननंतर आम्ही पेशंटच्या मागे लागतो की पाऊल वरखाली हलवा. लोकांना वाटतं सिस्टर उगाच छळतात. पोटरीचा पंप चालू राहावा म्हणून असतं ते.

रानजाई
ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, आईला लगेच वाचून दाखवलं.

आज काय केलं ते सांगते. मशीनची एक फेरी सुरू झाली की मला हात लावायचा नसतो, तेवढ्या वेळात टाचा वर, टाचा खाली, वीस वेळा. जेवणाच्या सुट्टीत बसून न राहता पॅसेजमध्ये चकरा मारल्या. मोज्याची खाच आज पण पडलीय, पण नडगीवर दाबलं तर खळगा कालच्या निम्माही नाही. एका दिवसाचंच आहे, आठवडाभर करून परत लिहीन.

आणि हार्वेचा प्रयोग केला! डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर. पहिल्या दोन वेळा जमलं नाही, बोट जोरात दाबलं की सगळीच शीर गायब व्हायची. तिसऱ्यांदा हलक्या हाताने निपटलं आणि मधे एका जागी बारीक फुगवटा दिसला, त्याच्या वर भरलेली शीर आणि खाली सपाट. खालचं बोट उचललं तर खालून वर भरत गेली. मग शेजारच्या शिरेवर केलं, तिथे झडप दोन बोटं आणखी वर आहे. लेकीने दोन्ही जागांवर पेनाने टिंब काढून ठेवलीत, आता ती स्वतःच्या हातावर शोधत बसलीय.

दट्ट्या
मी पण शोधल्या. उजव्या हातावर तीन.